पाहुण्यांचं पाणी

विलायतेहून आलेल्या त्या तीन पोरांना सेसिलियाबाईनं पहिल्याच दिवशी नावं ठेवली होती, आणि दोन महिने उलटले तरी ती बदलावीत असं त्यांच्या हातून काही घडलं नव्हतं. उंच होता तो लांब्या. केस तांबूस होते तो तांबड्या. आणि ज्याच्या तोंडावर लक्षात राहण्यासारखं काहीच नव्हतं तो तिसरा. त्यांना घेऊन आलेल्या गोऱ्या शिक्षकाला सगळं गाव मास्तर म्हणे. सेसिलियाबाईही म्हणे, पण तिच्या तोंडून तो शब्द शिवीच्या बराच जवळ जायचा.

ही मंडळी कुठल्याशा कॉलेजातून निघून, आगबोटीत बसून, सुएझचा कालवा ओलांडून आली होती. कशासाठी? तर ठाण्याच्या खाडीकाठच्या गरीब लोकांच्या घरात राहायचं, त्यांचं खायचं, त्यांच्यासारखं जगायचं आणि त्यातून शहाणं व्हायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सेसिलियाबाईला हसू आलं. मग त्यातला 'गरीब' हा शब्द डोक्यात शिरला आणि तिचं माथं भडकलं. उंबरपाड्यात तिच्या सासऱ्यानं बांधलेलं कौलारू घर होतं. पुढे ओटी, मागे बदकं, आत सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती. मुलगा जेराल्ड कल्याणला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये नोकरीला होता आणि रविवारी बूट घालून घरी येत होता. पोर्तुगीज आले तेव्हा बाप्तिस्मा झालेलं घराणं हे. त्याला गरीब म्हणणारे हे कोण टिकोजीराव?

आता ती गरीब नव्हती असं नाही. घराण्याचं मिठागर सासऱ्याच्या पश्चात हातचं गेलं होतं, माडीची तुळई वाळवीनं खाल्ली होती आणि बदकं होती ती विकायला होती, खायला नव्हती. पण गरिबी ही दार लावून भोगायची गोष्ट आहे, ती बघायला कुणी सातासमुद्रापलीकडून तिकीट काढून येतं, हे तिच्या बुद्धीला पटत नव्हतं. विलायतेत बघण्यासारखं काही उरलं नसेल, असं म्हणून तिनं पोरांना घरात घेतलं, कारण पाद्रीबाबांनी गळ घातली होती.

पाद्रीबाबा म्हणजे फादर ऑस्वल्ड, याच काठावर जन्मलेले, साधे गृहस्थ. पोरं यायच्या आधी ते सेसिलियाबाईच्या ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी आतली गोष्ट सांगितली. त्या कॉलेजातल्या लोकांची एक धर्मादाय मंडळी होती. पोरं दोन गावांत राहणार होती, आधी डोंबिवलीकडच्या कोपरवलीत आणि मग उंबरपाड्यात. जिथे पाण्याची जास्त अडचण दिसेल त्या एका गावाला ती मंडळी गोड्या पाण्याची विहीर खणून देणार होती. खाडीपासून दूर, टेकाडाच्या पायथ्याशी, खडक फोडून. असली विहीर खणायची ताकद दोन्ही गावांत नव्हती.

उंबरपाड्याला दुखणं होतं ते हेच. विहिरी होत्या, पण खाडी इतकी जवळ की पाणी खारं. त्यात डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस धरत नसे आणि उधाणाच्या दिवसांत तर घोट घेतला की जीभ आखडायची. माणसं तेच पीत, कारण दुसरं नव्हतं. गोडं पाणी मिळायचं ते लांब, खोपटच्या वाटेवरच्या एका मळ्यात. तो मळा कमळाबाईचा. ती किरिस्तांवांना आपल्या रहाटाला हात लावू देत नसे, पण हाकलूनही देत नसे. स्वतः पाणी शेंदायची आणि समोरच्या हंड्यात वरून ओतायची. बदल्यात तिला सुकटीची पुडी चालायची, ती मात्र हातात घ्यायची.

"सेसिलिया," पाद्रीबाबा म्हणाले होते, "त्यांना पाहुणे समजू नकोस. जे आपण पितो तेच त्यांना पाज. बाकी काही करायची गरज नाही."

सेसिलियाबाई बरं म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. गोड्या विहिरीचं स्वप्न ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून बघत होती. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं.

त्या काठावरची एक रीत होती. मुलगी बघायला पाहुणे आले आणि सोयरीक नको असली, तर यजमानाला तोंडानं नाही म्हणावं लागत नसे. घरच्या विहिरीचं पाणी पुढे ठेवलं की पाहुणे समजायचे, आणि तांब्या तसाच ठेवून पादत्राणं घालायचे. भांडण नाही, बोलाचाली नाही. एकदा असं पाणी पुढे आलं की त्या घराशी पुढच्या पिढीपर्यंत येणंजाणं नसे. त्यामुळे घरात गोड्या पाण्याचा एक तरी लहान माठ झाकून ठेवलेला असायचा, तो घरच्यांसाठी नव्हे, येईल त्याच्यासाठी. शत्रू आला तरी आधी त्यातलं पाणी, मग शिव्या.

पोरं आली त्या संध्याकाळी लांब्यानं टोपी काढून पाणी मागितलं. सेसिलियाबाई आत गेली. मोठ्या माठात खारं पाणी होतं, लहान माठात गोडं. पाद्रीबाबांचं सांगणं तिच्या डोक्यात पक्कं होतं. पण हात उचलला तो लहान माठाकडे गेला. परक्या मुलखातून आलेलं पोर, मिसरूड धड फुटलेलं नाही, पहिल्यांदा उंबऱ्यात उभं, आणि त्याच्या पुढे खारं पाणी ठेवायचं? म्हणजे तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस असंच सांगायचं की. आजच्या दिवस गोडं देऊ, उद्यापासून खारं, असं तिनं मनाशी ठरवलं.

तो उद्या काही आला नाही. लहान माठ दुसऱ्या दिवशी दुपारीच आटला, आणि तिनं सुनेला मळ्यावर पिटाळलं.

सून म्हणजे कॉन्स्टन्स, जेराल्डची बायको. वसईकडची पोर, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. तिला पहिल्या खेपेचे दिवस गेले होते. सेसिलियाबाईचा तिच्यावर राग नव्हता, पण फारसं लक्षही नव्हतं. सून घरात आली की पाणी तिचं, हा जगाचा नियम. आपले गुडघे दुखतात असं सेसिलियाबाई सांगायची आणि ते खरंही होतं, फक्त कुणाकडे लग्न असलं की ते दुखायचे थांबत. मग रोज उजाडायच्या आत कॉन्स्टन्स चुंबळ डोक्यावर ठेवून खोपटची वाट धरू लागली. पोरं डोळे चोळत ओटीवर येईपर्यंत माठ भरलेले असत. प्यायला गोडं, चहाला गोडं, तोंड धुवायलासुद्धा गोडं. आंघोळीला ती पोरं ठाण्याच्या तलावावर पोहायला जात, तेवढी देवाचीच कृपा म्हणायची. घरची माणसं मात्र मोठ्या माठातलं खारंच पीत होती, कॉन्स्टन्ससकट.

आणि एकदा पाणी गोडं झाल्यावर बाकीचं खारं कसं ठेवणार? शेजारच्या ॲडेलिनकडून दोन खुर्च्या आल्या. दुसऱ्या घरातून काचेचा दिवा आला, तिसऱ्या घरातून राणीची तसबीर आली, जी दोन वर्षांपूर्वीच्या ज्युबिलीत कुणीतरी मिरवणुकीसाठी घेतली होती. बदकं एकेक करून मोईल, म्हणजे सणाचा मसालेदार रस्सा, होऊन पानात पडली. लग्नाला करायचे ते फुगे, मैद्याचे फुगीर गोळे, आठवड्याला तळले जाऊ लागले. टेंभी नाक्यावरून बिस्किटं येऊ लागली. गरिबांसारखं जगायला आलेल्या त्या पोरांची गालफडं महिन्याभरात भरली.

ॲडेलिननं एकदा कुंपणापाशी तिला गाठलंच. "पाद्री काय बोलला नि तू काय करतंस?" ती म्हणाली. "त्यांना आपला दुख कसा कलंल?"

"माजे ओटीवर बसून कोन खारं पानी पियाचा नाय," सेसिलियाबाई म्हणाली. "शेवटाला सांगेन मी. मानसा शानी असतील तं समजतील."

तिला खरंच तसं वाटत होतं. आधी पोरांना पोटभर मान द्यायचा, आणि निघायच्या वेळी त्यांना विहिरीपाशी नेऊन सांगायचं, की बाबांनो, आम्ही हे पितो आणि तुम्हाला ते पाजलं. ऐकून त्यांचे डोळे भरून येतील, आणि असल्या गावाला विहीर द्यायची नाही तर कुणाला, असं ती आपणहून म्हणतील. कोपरवलीची तिला काळजीच नव्हती. तिथल्या आगऱ्यांनी पोरांना पहिल्या दिवसापासून खारं पाणी दिलं, फाटक्या चटईवर झोपवलं आणि स्वतः जे खातात तेच वाढलं, हे तिच्या कानावर आलं होतं. भिवा पाटलाच्या बायकोनं, आवडाबाईनं, तांब्या पुढे करून सरळ सांगितलं म्हणे, की आमच्याकडे हेच आहे, प्यायचं तर प्या. सेसिलियाबाई हे ज्याला त्याला सांगायची आणि सांगताना कानाला हात लावायची. लाज कोळून प्यायलेली माणसं, अशांना कोण विहीर देतंय?

असे दोन महिने गेले आणि पोरांचे परतीचे दिवस आले. आगबोटीला अजून थोडा अवकाश होता. तेव्हा मास्तरनं जाहीर केलं, की आता कुठे हिंडायचं नाही, शेवटचे तीन दिवस नुसतं विसावायचं आणि चिंतन करायचं. आपण इथून काय घेऊन चाललो याचा ज्यानं त्यानं विचार करायचा, आणि तिसऱ्या संध्याकाळी तो गावासमोर बोलून दाखवायचा.

काय घेऊन चाललो याचा विचार! सेसिलियाबाईला तिथल्या तिथे चार गोष्टी सांगता आल्या असत्या. तिची बदकं घेऊन चालली होती ही पोरं, पोटात. विचार करायला तीन दिवस लागतात आणि त्यासाठी आडवं पडावं लागतं, हे तिला नवीनच होतं. तिच्या सासऱ्याला आख्ख्या आयुष्यात विचाराला सवड मिळाली ती शेवटच्या दुखण्यात, आणि तेव्हाही तो मिठाच्या भावाचाच विचार करत गेला. इथे लांब्या चिंचेखाली खाटेवर पडून तोंडावर टोपी घेऊन चिंतन करत होता. तांबड्या उरलेल्या एकुलत्या बदकाला खडे मारत चिंतन करत होता. तिसरा मात्र ओटीच्या कडेला पाय सोडून, हातात पाण्याचा पेला धरून खाडीकडे बघत बसायचा. त्याच्या डोक्यात काही चाललं होतं की नाही हे देवाला माहीत.

"चिंतन करतात नं, मंग पोटाला इतका लागतं?" ती ॲडेलिनला म्हणाली. त्या तीन दिवसांत पाण्याच्या खेपा वाढल्या होत्या. पडल्या पडल्या पोरं सारखा चहा मागत.

कॉन्स्टन्स दुसऱ्या दिवशी मळ्यावरून आली ती हंडा उतरवून मोरीपाशी बसलीच. तिच्या ओठांचा रंग गेला होता. सेसिलियाबाईनं तिला विचारलं काय झालं, ती म्हणाली काही नाही. मग सेसिलियाबाईनं तिला मोठ्या माठातलं पाणी दिलं, आणि आत चहाचं आधण ठेवायला सांगितलं. आता एकच दिवस, तिनं मनात म्हटलं. उद्या सांगून टाकलं की वर्षभरात गावात विहीर, आणि मग या पोरीच्या डोक्यावर लांबचा हंडा कायमचा नको.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सेसिलियाबाईच्या ओटीपुढे घातलेल्या मांडवात गाव जमलं. ॲडेलिनच्या खुर्च्यांवर मास्तर आणि पाद्रीबाबा, बाकावर तिघं चिंतनवीर, खाली चटयांवर बाया, मागे उभे पुरुष. पोरं इंग्रजीत बोलत आणि पाद्रीबाबा मराठीत सांगत.

लांब्या आधी उठला. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की इथल्या माणसांकडून तो संथपणा शिकला. इथे कुणालाच कसली घाई नसते. सकाळी उठावं तर सगळं आपोआप तयार असतं, जणू या भूमीत कष्ट नावाची वस्तूच नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कॉन्स्टन्स दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिनं पदर नीट केला.

मग तांबड्या. तो आनंद शिकला होता. इथले लोक सतत हसतात, त्याला बघितलं की तर फारच हसतात, आणि एवढ्या थोडक्यात असं समाधान त्यानं विलायतेत पाहिलं नव्हतं. एवढ्या थोडक्यात, हे शब्द पाद्रीबाबांनी जरा हळूच उच्चारले. सेसिलियाबाईनं मनातल्या मनात बदकं मोजली.

शेवटी तिसरा. तोही उठला. मग म्हणाला, की त्याला सांगता येण्यासारखं फार काही सापडलं नाही. पण एक गोष्ट तो मरेपर्यंत विसरणार नाही. कोपरवलीत त्याच्या जिभेला सारखी खारट चव असायची आणि रात्री तहानेनं जाग यायची. आणि इथे, या घरात, पहिल्या संध्याकाळी एका बाईनं त्याच्या मित्राच्या पाठोपाठ त्यालाही पाणी दिलं. इतकं गोड पाणी तो आयुष्यात प्यायला नव्हता. त्या बाईचा हात आणि त्या पाण्याची चव, एवढंच तो घेऊन चालला आहे. एवढं बोलून तो खाली बसला.

सेसिलियाबाईचे डोळे भरले, हे कबूल करायला हवं. त्या बिनचेहऱ्याच्या पोराला तिनं दोन महिन्यांत नावसुद्धा धड दिलं नव्हतं. ती उठायलाच निघाली होती, आता सांगावं म्हणून, तेवढ्यात मास्तर उभा राहिला.

मास्तरनं हसून तिसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, या मुलानं माझं काम सोपं केलं. विहीर कुठे द्यायची हा प्रश्न होता. उंबरपाड्यावर देवाची आधीच कृपा आहे, इथे पाणी आहे, अन्न आहे, घरोघरी दिवे आहेत. कोपरवलीच्या लोकांकडे यातलं काही नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. म्हणून विहीर कोपरवलीला, आणि तसा शब्द आपण आजच सकाळी भिवा पाटलाला पाठवला आहे. उंबरपाड्याचे लोक शेजाऱ्यांच्या आनंदात आनंद मानतील याची त्याला खात्री होती.

 मग एकेक डोकं सेसिलियाबाईकडे वळलं. ज्यांनी खुर्च्या दिल्या होत्या, दिवा दिला होता, तसबीर दिली होती, ते सगळे तिच्याकडे बघू लागले. फक्त कॉन्स्टन्स बघत नव्हती.

सेसिलियाबाई उठून आत गेली. तिनं मोठ्या माठातलं पाणी चार पेल्यांत भरलं. पाहुण्यापुढे हे पाणी तिनं जन्मात ठेवलं नव्हतं, आणि आता गावादेखत ठेवायचं होतं. ती बाहेर आली आणि चौघांच्या हातांत एकेक पेला दिला. पाद्रीबाबांनी पाण्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

तांबड्यानं घोट घेतला तो मांडवाबाहेर थुंकला. लांब्यानं पेला लांब धरला. तिसऱ्यानं एक घोट गिळला, आणि त्याच्या तोंडावर दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उमटलं.

"ह्या आमचा पानी," सेसिलियाबाई म्हणाली. "तुमी पिलंव ता आमचा नव्हता. ता खोपटावरशी यायचा, सूनबाईचे डोक्यावरशी. खुर्च्या ॲडेलिनच्या. दिवा पन आमचा नाय. पाद्रीबाबा, सांगा त्यांना."

पाद्रीबाबांनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मास्तरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं पाद्रीबाबांना एकच प्रश्न विचारला. विहिरीची गोष्ट या बाईला आधीपासून ठाऊक होती का?

पाद्रीबाबा खोटं बोलणारे असते तर गावाचं भलं झालं असतं. ते म्हणाले, होय, मीच सांगितली होती, तुम्ही यायच्या आधी.

मास्तर हसला. रागानं नव्हे. लहान पोरानं साखर खाऊन तोंड पुसलं नाही की मोठी माणसं हसतात, तसा. त्याचं म्हणणं सरळ होतं. विहीर मिळणार हे माहीत असताना आपली तहान लपवणारा माणूस त्यानं जगाच्या पाठीवर पाहिला नव्हता. विहीर हातची गेली हे कळल्यावर पाण्यात मीठ कालवणारा मात्र त्याला समजू शकत होता, आणि तो त्याबद्दल मनात काही ठेवणार नव्हता.

सेसिलियाबाई म्हणाली, चला विहिरीवर, स्वतः शेंदून बघा. मास्तरनं हात हलवला. समजा विहीरही खारट निघाली, तो म्हणाला, तर मग दोन महिने आम्हाला फसवलंत. आधी खोटं की आता खोटं, एवढाच फरक. कोपरवलीला शब्द दिला आहे आणि तो शब्द खरा आहे.

 यावर उत्तर होतं, पण ते कळायला मास्तरनं या काठावर जन्म घ्यायला हवा होता. पाहुण्याचा मान म्हणजे काय हे ज्याला दोन महिने तो मान गिळून कळलं नाही, त्याला पाद्रीबाबांच्या इंग्रजीतून काय कळणार? सेसिलियाबाईला त्याची भयंकर किळस आली. त्याच्या स्वच्छ कॉलरची आली, त्याच्या क्षमेची तर सगळ्यात जास्त आली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आवडाबाईला नावं ठेवताना आपलंही तोंड असंच दिसत असणार. हा विचार तिला मुळीच आवडला नाही, पण तो काही गेला नाही.

मंडळी सामान बांधायला आत गेली. तिसरा एकटाच रेंगाळला. त्यानं तिच्यापुढे मान खाली घातली, काहीतरी पुटपुटला, आणि हाक आल्यावर तोही गेला. त्याला पटलं होतं की काय कोण जाणे. पटून उपयोग नव्हता, त्याला कोण विचारत होतं?

बाकावर लांब्याचा पेला तसाच भरलेला होता. सेसिलियाबाईनं तो उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला, तळापर्यंत. जन्मभराची सवय, तोंड वाकडं झालं नाही. ओटीवरून मास्तरनं ते पाहिलं आणि लांब्याच्या कानात काहीतरी म्हटलं, आणि लांब्यानं समजल्यासारखी मान हलवली. बाई मजेत पितेय, मग दुःख कसलं, असंच काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली आणि पोरं ठाण्याच्या स्टेशनाकडे गेली. खुर्च्या, दिवा आणि राणी ज्याच्या त्याच्या घरी गेली. नेणाऱ्यांनी काही बोलून दाखवलं नाही, आणि तेच वाईट होतं. ॲडेलिन तर दोन्ही खुर्च्या एकदम उचलून पाठमोरी चालू लागली. उंबरपाड्यात बोलणं बंद करायची ती सुरुवात असते.

त्यानंतरच्या पहाटे सेसिलियाबाई उठली तेव्हा कॉन्स्टन्स चुलीपाशी बसली होती. हंडा कोपऱ्यात पालथा होता. सेसिलियाबाईनं सवयीनं विचारलं, अजून निघाली नाहीस?

"पाहुनं गेलं, माय," कॉन्स्टन्स म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आता कोनासाटी आनाचा?"

तिनं मोठ्या माठातून पेला भरून घेतला, पोटावर एक हात ठेवून तो प्यायली आणि निखारे फुंकायला वाकली.

सेसिलियाबाई तिथेच उभी राहिली. दोन महिने ही पोर गोडं पाणी डोक्यावरून वाहत होती, आणि त्यातला एक पेलाही आपण तिला दिला नव्हता. द्यायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही, सुचलंच नव्हतं. तीन आळशी पोरांच्या तोंड धुण्याला गोडं पाणी, आणि घरात वाढणाऱ्या जिवाला खारं. मास्तरला माणसं ओळखता येत नाहीत म्हणून ती रात्रभर त्याला शिव्या देत होती. सकाळी त्या शिव्यांना दुसरा धनी सापडला, ती स्वतः.

  तिनं खुंटीवरची चुंबळ घेतली, हंडा काखेला लावला आणि बाहेर पडली. कॉन्स्टन्सनं मागून हाक मारली, पण ती थांबली नाही.

वाट तिला वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली. गुडघे यावेळी खरोखरच दुखत होते. मळ्यावर पोचली तेव्हा कमळाबाई रहाटापाशीच होती. एवढ्या वर्षांत सेसिलियाबाईनं तिच्याकडे दुसरीच माणसं पाठवली होती, आधी मिठागरावरचे गडी, मग सून. स्वतः कधी हंडा ठेवायच्या त्या धोंड्यापाशी उभी राहिली नव्हती.

तिनं हंडा खाली ठेवला. कमळाबाईनं पोहरा वर ओढला, काठावर टेकवला आणि थांबली.

"जरा लांब ठेवा हंडा, बाई," ती म्हणाली. "तुमची सून न सांगता ठेवते."

सेसिलियाबाईनं हंडा मागे सरकवला.

"पाहुणे आहेत वाटतं अजून?" कमळाबाईनं विचारलं.

सेसिलियाबाईच्या तोंडात हो आलं होतं. हो म्हटलं असतं तर मान राहिला असता.

"नाय," ती म्हणाली. "पाहुनं गेलं. घरचे मानसाला पायजे."

कमळाबाईनं वरून पाणी ओतलं. ते उंचावरून आलं, हंड्याच्या काठावर आपटलं आणि सेसिलियाबाईच्या तोंडावर, गळ्यावर, लुगड्यावर उडालं. कॉन्स्टन्स रोज ओल्या पदरानं घरी का यायची हे तिला आज कळलं. हंडा भरेपर्यंत ती वाकून, तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मग तो उचलून तिनं डोक्यावर घेतला आणि सांडू नये म्हणून हळूहळू घराकडे निघाली.